शंभर वॉटचं वर्तुळ

मुंबईचा नकाशा टेबलावर पसरायचा, कंपासाचं टोक सांताक्रूझ पूर्वेला, कालिन्याच्या विद्यानगरीत रोवायचं आणि दहा किलोमीटरचं वर्तुळ मारायचं. पश्चिमेला जुहूची चौपाटी त्यात येते, अख्खं अंधेरी येतं. पूर्वेला कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर येतात. उत्तरेला पवईचा तलाव आणि आरेची झाडी कडेकडेने आत शिरते. मुलुंड मात्र बाहेर राहतं आणि बोरिवली तर चांगलंच बाहेर.

हे वर्तुळ कुठल्या वॉर्डाचं नाही की मतदारसंघाचंही नाही. शंभर वॉटच्या एफएम ट्रान्समीटरचा आवाज साधारण जेवढा लांब जातो, तेवढंच ते आहे. मुंबई विद्यापीठाचा ‘मस्ट रेडिओ’ २००८ च्या सुमारास याच आवारातून १०७.८ मेगाहर्ट्झवर बोलू लागला. दोन्ही अंगांनी फुगत गेलेल्या या शहरात विद्यार्थ्यांच्या हाती आलेलं हवेतलं हे एवढंसं आवार.

कॉलेज रेडिओच्या स्टुडिओत सामान थोडंच असतं. भिंतींना आवाज शोषून घेणारं अस्तर, काचेपलीकडे कन्सोल, माइकसमोर जाळीचा पॉप फिल्टर, दारावर लाल दिवा. दोन गाण्यांच्या मधे जे बोलायचं त्याला ‘लिंक’ म्हणतात. नवख्याची पहिली लिंक हमखास लांबते. गायकाचं गाव, गिटारवाल्याचा जुना बँड, आपण हे गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं, सगळं एका दमात सांगायचं असतं. मग कुणीतरी सीनियर ती कापून चाळीस सेकंदांवर आणतो. माइक उघडा आणि घसा कोरडा, अशी अवस्था झाली की त्या शांततेला ‘डेड एअर’ हे भीतीदायक नाव आहे. उपनगरांतल्या कॉलेजांत मास मीडियाच्या अभ्यासक्रमात रेडिओ शिकवला जातो, महोत्सवांत ‘आरजे हंट’ रंगतात. घाटकोपरच्या रामनिरंजन झुनझुनवाला कॉलेजला तर सगळे ‘आरजे’च म्हणतात. त्यामुळे तिथला प्रत्येक जण माइकला हात न लावताही आरजेचाच.

पण मुलं स्टुडिओपर्यंत येतात ती मार्कांसाठी कमी आणि एका जुन्या खाजेपोटी जास्त. लोकलमध्ये शेजारच्या मित्राच्या कानात आपल्या इअरफोनचं एक टोक खुपसून ‘हे ऐकलंस का?’ म्हणायची खाज. कॉलेज रेडिओ म्हणजे हेच टोक एकदम काही हजार अनोळखी कानांत खुपसायची सोय.

अमेरिकेत ही सोय फार आधीपासून होती आणि तिने तिथल्या संगीताची वाट बदलली. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९७२ मध्ये सुरू झालेलं केसीएमयू हे विद्यार्थ्यांचं स्टेशन. ‘निर्वाणा’ हा बँड जगाला ठाऊक होण्याआधी त्याची गाणी तिथे वाजत होती. पुढे हेच स्टेशन केईएक्सपी या नावाने जगभर ऐकलं जाऊ लागलं. मोठ्या स्टेशनांनी दाराबाहेर ठेवलेल्या ‘आर.ई.एम.’सारख्या बँडना कॉलेज स्टेशनांनी इतकं उचलून धरलं, की त्या संगीताचं नावच ‘कॉलेज रॉक’ पडलं. न्यू जर्सीतल्या अपसाला कॉलेजने १९५८ मध्ये डब्ल्यूएफएमयू सुरू केलं. १९९५ मध्ये कॉलेजला टाळं लागलं, स्टेशन मात्र श्रोत्यांच्या वर्गणीवर अजून चालू आहे.

आपल्याकडे त्या काळात असं काही शक्यच नव्हतं. हवेवर मालकी सरकारची. तरुणांसाठी १९६९ मध्ये दिल्लीहून ‘युववाणी’ सुरू झाली, पुढे ती इतर केंद्रांवरही आली, पण छत आकाशवाणीचंच होतं. ही मक्तेदारी सैल झाली ती गाण्यामुळे नव्हे, क्रिकेटमुळे. १९९३ च्या हीरो कपचं प्रक्षेपण कुणी करायचं, यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात जुंपली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्यासह तिघांच्या पीठाने सांगितलं, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. क्रिकेटच्या भांडणातून निघालेलं हे वाक्य रेडिओवाल्यांनी उचललं. डिसेंबर २००२ मध्ये केंद्राने शिक्षणसंस्थांना रेडिओ चालवायची मुभा दिली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं स्टेशन सुरू झालं. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, तिथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटचा म्हणजे एफटीआयआयचा रेडिओ, बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’ अशी रांग लागली. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडलं आणि साताऱ्यातल्या म्हसवडहून ‘माणदेशी तरंग’ घुमू लागलं.

एफटीआयआय, बारामती आणि म्हसवड, तिघांचाही आकडा ९०.४ आहे. तरी त्यांची टक्कर होत नाही. वॉट शंभर, अँटेनाची उंची फार तर तीस मीटर, एवढ्यात आवाज दहा-पंधरा किलोमीटरवर विरून जातो. मग तोच आकडा पुढच्या तालुक्याला देता येतो. खासगी एफएमची ताकद किलोवॉटमध्ये मोजतात आणि त्यांचा आवाज शहर ओलांडून जातो. एफएमच्या लहरी सरळ रेषेत धावतात, त्यामुळे वाटेत टॉवर आला की अडखळतात, डोंगर आला की थांबतात. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये तर अख्खं राष्ट्रीय उद्यान पसरलेलं आहे.

ताकदीतला हा फरक पैशातही दिसतो. २०१५ च्या लिलावात मुंबईतल्या एकेका खासगी फ्रिक्वेन्सीची बोली १२२ कोटी रुपयांवर गेली. कॅम्पस रेडिओला लिलावात उतरावंच लागत नाही. स्पेक्ट्रमचं वर्षाचं भाडं १९,७०० रुपये ठरलेलं. २०१२ मध्ये ते एकदम ९१,००० करण्यात आलं, तेव्हा देशभरच्या छोट्या स्टेशनांनी आरडाओरडा केला आणि सरकारला ते मागे घ्यावं लागलं. मोबदल्यात अटी आहेत. स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. निम्मा तरी मजकूर स्थानिक हवा. जाहिराती सुरुवातीला तासाला पाच मिनिटं, मग सात, आणि २०२४ च्या नव्या नियमांनंतर बारा. सरकारी जाहिरातीचा दर त्याच वेळी दहा सेकंदांना ७४ रुपये झाला. म्हणजे बाराही मिनिटं भरली तरी तासाला ५,३२८ रुपये. बाराही मिनिटं भरणारं विद्यार्थ्यांचं स्टेशन कुठे असलंच, तर त्याच्या मार्केटिंगवाल्याला कुठल्याही कंपनीने डोळे मिटून नोकरी द्यावी.

या हिशेबाचा गाण्यांशी थेट संबंध आहे. कंपनीच्या मालकीचं गाणं वाजवायचं, तर हक्काचे पैसे मोजावे लागतात. गाणी किती वेळ वाजली त्याच्या मोजणीला या धंद्यात ‘नीडल अवर’ म्हणतात. तबकडीवर सुई टेकायची त्या काळातला हा शब्द, सुई गेली तरी बिलावर राहिला. या दरांवरून खासगी एफएम आणि संगीत कंपन्या वर्षानुवर्षं भांडल्या. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने जाहिरातीच्या निव्वळ उत्पन्नाच्या दोन टक्के असा तोडगा काढला. बड्यांची ही तऱ्हा, तर शंभर वॉटवाल्यांनी रोज नवं फिल्मी गाणं कुठून आणायचं? स्वतःच्या पैशांनी रेकॉर्डिंग करणारा, हक्क स्वतःकडे राखणारा आणि कुणीतरी ऐकावं म्हणून तळमळणारा गायक अशा स्टेशनला परवडतो. त्यालाही स्टेशन परवडतं. आवड आणि गरज इथे एकाच दाराने आत येतात.

आता पुन्हा त्या वर्तुळाकडे पाहिलं, तर त्यात वाजवण्याजोगं किती काय दडलंय ते दिसतं. जुहू तारा रोडवरच्या ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’ क्लबमध्ये नव्वदीच्या दशकात रॉक बँड घामाघूम होईस्तोवर वाजवत. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून गाजलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव तिथला आवाज बंद झाल्यावर अंधेरीच्या चित्रकूट मैदानात आला. पवईच्या आयआयटीत ‘मूड इंडिगो’ महोत्सवाच्या दिवसांत ‘लाइव्हवायर’ या स्पर्धेसाठी देशभरचे बँड गिटारी पाठीला लावून उतरतात.

आणि कुर्ला. विद्यानगरीपासून रिक्षाच्या अंतरावर राहणाऱ्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, २०१४ मध्ये आयपॅडवर ‘आफत’ रेकॉर्ड केलं, त्याचा व्हिडिओही त्याच आयपॅडवर काढला. अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरचा विवियन फर्नांडिस, म्हणजे डिव्हाइन, त्याच्यासोबत २०१५ मध्ये ‘मेरे गली में’ घेऊन आला. चार वर्षांनी ‘गली बॉय’ पडद्यावर झळकला आणि मुंबईच्या गल्लीतलं रॅप घरोघरी पोचलं. त्याच २०१९ मध्ये ‘स्वदेसी’ या बहुभाषिक गटाने आरेच्या केलटीपाड्याच्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ आणलं. मेट्रो कारशेडसाठी आरेतली झाडं तोडण्यावरून शहर तापलेलं असताना आलेलं हे गाणं. हे सगळं कालिन्याच्या वर्तुळात घडलं आणि पसरलं मात्र यूट्यूबवरून. खासगी एफएमने स्वतंत्र गाण्यांसाठी वेगळे कार्यक्रम काढले, ते पुढे, गाणी लोकांच्या तोंडी बसू लागल्यावर.

मग विद्यार्थ्यांच्या रेडिओसाठी उरतं काय? उरते ती ओळख करून देण्याची जागा. गाणं फोनवर आपोआप लागतं, पण हे आपल्याच मागच्या गल्लीतलं आहे, हे चाळीस सेकंदांत सांगायला माणूस लागतो. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये नाचऱ्या तरुणांच्या ओठी बसलं, तेव्हा मराठी शब्दांवर हाऊस संगीताचा ठेका कसा बसवला, हे उलगडून सांगता आलं असतं. ‘अभंग रिपोस्ट’ हा मुंबईचा बँड संतांचे अभंग गिटार-ड्रम्सवर घेतो. त्याच्या आधी मूळ चालीतला अभंग आणि नंतर एखादा जुना रॉक असा अर्धा तास लावणं ही कॉलेज रेडिओचीच चैन. खासगी स्टेशनवर गाण्यांचा क्रम वरून ठरून येतो, इथे तो कँटीनमधल्या वादातून ठरतो.

मराठी कानाला हे ‘इंडी’ प्रकरण खरं तर नवखं वाटायचं कारण नाही. सिनेमाबाहेर जन्मलेलं, कवीचं नाव लावून गायलं जाणारं गाणं आपण भावगीत म्हणून किती दशकं ऐकतोय. ‘गीतरामायण’ तर निखळ रेडिओचं अपत्य. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावर आठवड्याला एक नवं गाणं, अशी छप्पन्न गाणी. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. पुढच्या आठवड्याचं गाणं अजून कागदावर उतरतंय आणि या आठवड्याचं घराघरांत गुणगुणलं जातंय, हा प्रकार आजच्या कुठल्याही गायकाला हेवा वाटावा असा.

त्याच काळात आकाशवाणी फिल्मी गाण्याशी फटकून होती. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांना शास्त्रीय संगीताचा कैवार. त्यांनी फिल्मी गाण्यांवर कात्री चालवली, तसे श्रोते काटा फिरवून रेडिओ सिलोनकडे गेले. ३ डिसेंबर १९५२ रोजी तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा आणि टेप कोलंबोला जायची. आठवड्याला पंचवीस रुपयांत हे काम करायला कुणी जुनाजाणता निवेदक तयार होईना, म्हणून ते एका पोराकडे आलं. त्याचं नाव अमीन सायानी. वयाची विशीही तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला गाण्यांचा कार्यक्रम हा असा एका कॉलेजच्या वयाच्या मुलाच्या हातून घडला.

सिलोनकडे वळलेला श्रोता परत आणायला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ काढली. झुमरीतलैयापासूनच्या फर्माइशी तिच्याकडे येत राहिल्या. त्या विविध भारतीचा पत्ता आता बोरिवली पश्चिम, म्हणजे कालिन्याच्या वर्तुळाबाहेर. देशभर ऐकू जाणारा रेडिओ उपनगराच्या एका टोकाला, आणि जेमतेम घाटकोपरपर्यंत पोचणारा दुसरीकडे.

बोरिवलीहून रोज कालिन्याला येणाऱ्या विद्यार्थ्याला हे अंतर कानांनी कळतं. संध्याकाळी त्याने आधी रेकॉर्ड केलेला कार्यक्रम लागायच्या वेळी तो सांताक्रूझला गाडीत चढतो. फोनवर एफएम ऐकायचं, तर वायरचे इअरफोन लागतात, कारण वायर हीच अँटेना. नव्या फोनांतून एफएम गायब होऊ लागलं, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने कंपन्यांना ते चालू ठेवायची सूचना केली. अंधेरीला त्याचा स्वतःचा आवाज स्वच्छ असतो. जोगेश्वरीला लिंक संपून गाणं सुरू होतं. गोरेगाव सोडताना सुरांत वाळू मिसळू लागते, मालाडला नुसती खरखर. शेवटचं गाणं कुठलं लावलंय ते त्याला माहीत असतं, म्हणून कांदिवलीपर्यंत तो ते तसंच मनात चालू ठेवतो. घरच्यांना ऐकवायचं रेकॉर्डिंग त्याने निघतानाच फोनमध्ये घेतलेलं असतं.