उघडं आहे म्हणून घ्यावं का?

मागच्या व्याख्यानात आपण खासगीपणाच्या व्याख्येपाशी थांबलो होतो. आज एक घडलेलं प्रकरण घेऊ, म्हणजे त्या व्याख्येचा कस लागेल.

गुगलच्या स्ट्रीट व्ह्यूच्या मोटारी देशोदेशी रस्त्यांचे फोटो काढत फिरत होत्या. टपावरचा कॅमेरा लोकांना दिसे. वाय-फाय टिपणारं यंत्र मात्र कोणाच्या लक्षात येत नसे. त्याचं काम काय? प्रत्येक राउटर स्वतःचं नाव आणि एक क्रमांक सतत बाहेर सांगत असतो. कोणता राउटर कुठे आढळला याची यादी केली, की पुढे मोबाइलला आसपासचे राउटर पाहून आपला ठावठिकाणा काढता येतो. इथवर फार तर दारावरची पाटी वाचणं झालं.

पण जर्मनीत हॅम्बुर्गच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांनी तपासणीचा आग्रह धरला, आणि 14 मे 2010 रोजी कंपनीला कबूल करावं लागलं, की ज्या वाय-फायला पासवर्ड नव्हता, त्यावरून जाणाऱ्या मजकुराचे तुकडेही साठवले गेले आहेत. जेमतेम अडीच आठवड्यांपूर्वी हीच कंपनी ‘फक्त पाटी वाचतो’ असं सांगत होती. बचाव असा, की मोटार धावती, यंत्र सेकंदाला सुमारे पाच वेळा चॅनेल बदलतं, हाती लागणार काय? फ्रान्सच्या सीएनआयएल या संस्थेने ते तुकडे तपासले, तर त्यांत ईमेल निघाले, पासवर्डही निघाले. तिने 2011 मध्ये 1 लाख युरो दंड केला. (अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 25 हजार डॉलर केला, तोही चौकशीत अडथळा आणल्याबद्दल, मजकूर टिपल्याबद्दल नव्हे!)

आता मुद्द्याचं. ‘कुलूप नव्हतं, लहरी रस्त्यावर आल्या, आम्ही टिपल्या’ या युक्तिवादात ‘घेता येणं’ आणि ‘घेण्याची मुभा असणं’ यांची गल्लत आहे. चाळीत भिंत पातळ असते. शेजारचं भांडण कानावर पडतं, त्याला इलाज नाही. पण कोणी वही घेऊन रोज ते उतरवू लागला तर आपण त्याला शेजारी म्हणू का?

2013 मध्ये अमेरिकेच्या एका अपील न्यायालयात हा वाद शब्दार्थावर आला. संभाषणं चोरून ऐकण्याविरुद्धच्या तिथल्या कायद्यात रेडिओ संदेशवहनाला काही सूट आहे. कंपनी म्हणाली, वाय-फाय म्हणजे रेडिओ लहरीच की! न्यायालयाने ते मानलं नाही: रोजच्या भाषेत वाय-फायवरच्या ईमेलला कोणी ‘रेडिओ’ म्हणत नाही. आपल्याला हे पटतं. लहर कसली, हे पदार्थविज्ञानाने सांगावं. बोलणं कोणाचं, हे ते सांगू शकत नाही.

‘मग लोकांनी पासवर्ड का नाही लावला?’ असं विचारलं जातं. बऱ्याच जणांना आपला राउटर उघडा आहे हे ठाऊकही नसतं. शिवाय ज्याने स्वतःच्या घरी पासवर्ड लावला होता, पण अशा उघड्या घरी ईमेल पाठवला, त्याचं काय? त्याने कोणता निष्काळजीपणा केला?

पुढे गुगलने त्या यादीतून वगळण्याची सोय दिली. ती अशी, की घरमालकाने राउटरच्या नावाला ‘अंडरस्कोअर नोमॅप’ अशी शेपटी जोडायची. म्हणजे ‘नको’ म्हणायचं कामही त्याच्याच गळ्यात.