चौकटीवरचा घोडेस्वार

घर बांधायला काढले की आपल्याकडचा कास्तकार सागवानासाठी नागपूरच्या लकडगंजात येतो. मागच्या उन्हाळ्यात तिथल्या एका टालावर ओळखीचे कास्तकार भेटले. चौकट पसंत पडली होती, पण चेहरा उतरलेला. म्हणाले, "साहेब, पोरगा म्हणते, चौकटीवर घोडेस्वार कोरून घ्या, राजवाड्यावानी दिसते. कोरणावळीले पैसे नाहीत. दुभती गाय इकावी लागन."

मुलगा शेजारीच उभा होता. त्याला विचारले, "बाबू, हा स्वार कोणाचा, ठाऊक आहे का?" तो गप्प राहिला. मग त्याला जे सांगितले, तेच इथे सांगतो.

युरोपात चिलखत घातलेल्या सरदाराचा चेहरा दिसत नसे. ओळख पटावी म्हणून ढालीवर चिन्ह रंगवीत. तेच पुढे घराण्याचे आणि राज्याचे चिन्ह झाले. लिथुआनिया देशाच्या राजचिन्हात आजही लाल ढालीवर तलवार उगारलेला घोडेस्वार आहे. आपल्या देव्हाऱ्यातल्या टाकावरही खंडोबा घोड्यावर बसलेला असतो.

बडोद्याच्या गायकवाडांचे ब्रीद होते 'जीन घर, जीन तख्त'. म्हणजे घोड्याचे खोगीर हेच घर आणि हेच सिंहासन. हे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातल्या दावडी गावचे. १७२० साली आपल्या वऱ्हाडातल्या बाळापूरच्या लढाईत दमाजी गायकवाडांनी पराक्रम गाजवला आणि 'समशेर बहादूर' हा किताब मिळवला. मराठी फौजेतले बरेचसे स्वार शेतकरीच होते. पावसाळ्यात शेती करायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचे, अशी त्यांची रीत. १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसलेले सयाजीराव महाराजही नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातले. १९०६ साली त्यांनी साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

आणि गायकवाड हे आडनाव कसे पडले? परंपरेने सांगतात की, त्यांचे पूर्वज नंदाजी यांनी कसायाच्या हातून गाई सोडवून कवाडातून आत घेतल्या. म्हणून गाय-कवाड.

मुलाला म्हटले, "बाबू, घोड्यावरचा तो स्वार तुझ्यासारख्याच कास्तकाराचा पोरगा होता. त्याला चौकटीवर जरूर बसव. पण त्याच्यासाठी गाय कवाडाबाहेर काढू नकोस. तिचे दूध घराला आणि शेण शेताला लागते."

तो बराच वेळ लाकडावर हात फिरवीत राहिला. मग बापाला म्हणाला, "राहू द्या, बाबा. चौकट साधीच घेऊ. सवाराचं कापूस इकल्यावर पाहू."