इमारत चकाचक, पण मार्कशीट कुठल्या टेबलावर अडकली?



या वेळच्या व्हिडिओत खाजगी विद्यापीठाचं उदाहरण घेतलं. तुम्ही म्हणाल, सर, आम्हाला दुकान टाकायचंय, विद्यापीठाशी काय देणंघेणं? आहे ना. कायद्यानं ते 'ना नफा' असलं तरी पगार, वीज, लॅब हे सगळं बहुतेक फीवरच चालतं. आणि इथलं गिऱ्हाईक एकदाच येतं, पण पुढे धाकट्या भावाला पाठवायचं की नाही हे तेच ठरवतं.

माझंच सांगतो. बीबीएच्या मार्कशीटवर आईचं नाव चुकलं होतं. खिडकीवर अर्ज दिला. तो परीक्षा विभागात गेला, तिथून शुल्काची खात्री करायला अकाउंट्सला. तिथे माझी पावती दिसेना, कारण ऑनलाइन भरलेल्या पैशांची नोंद वेगळीकडे. मग परत खिडकी. दोन महिने गेले! बँकेनं कर्जाच्या फाइलीत तोच कागद मागितला होता. तेवढ्यात मी बघून ठेवलेला गाळा दुसऱ्यानं घेतला.

राग आला, पण नंतर विचार केला तर कामचुकार असं कोणीच नव्हतं. प्रत्येक टेबलावरचं काम दहा मिनिटांचं. दोन टेबलांच्या मधला वेळ मात्र कोणाच्याच नावावर नव्हता.

निकालाचंही तसंच. एका विषयाचे अंतर्गत गुण आले नाहीत की अख्ख्या वर्गाचा निकाल थांबतो. निकाल लांबला की पुढची सेमिस्टर लांबते, मुलांची नोकरीवर रुजू व्हायची तारीख हुकते, आणि पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी पालक नेमकं तेच विचारतात. नॅकच्या 2017 च्या चौकटीत परीक्षा संपल्यापासून निकालापर्यंत सरासरी किती दिवस लागले, हा निकषच होता. त्याच चौकटीत विद्यापीठाच्या 1000 पैकी अध्यापन-मूल्यमापनाला 200 गुण, आणि इमारत, लायब्ररी वगैरे सोयींना 100. यूजीसीचे 2008 चे नियमही सांगतात की विद्यार्थी पात्र ठरणं अपेक्षित असतं त्या तारखेपासून 180 दिवसांत पदवी द्या. तरी जाहिरातीत फोटो कोणाचा? इमारतीचा.

सॉफ्टवेअर घेतलं की सुटलं असं समजू नका. कागद कोणाकडून कोणाकडे आणि किती वाजेपर्यंत जाणार हे ठरलेलं नसेल, तर तोच घोळ स्क्रीनवर दिसायला लागतो, बाकी काही नाही.

माझ्या स्टेशनरीच्या दुकानात वह्यांचा माल सकाळी यायचा, बिल संध्याकाळी जुळायचं. मधल्या वेळात पोरगा गिऱ्हाइकाला "माल नाही" सांगून मोकळा! आता माल उतरतानाच बिल जुळवतो आणि ज्यानं जुळवलं त्याची सही त्यावर घेतो.

तुम्ही या आठवड्यात एकच ऑर्डर धरा. गिऱ्हाइकानं सांगितल्यापासून माल हातात पडेपर्यंत ती कुठे किती वेळ पडून राहिली, ते घड्याळ बघून वहीत लिहा. पुढच्या व्हिडिओला ती वही घेऊनच बसा, तिथूनच सुरू करू.