उलटं टांगलेलं खेडं

मित्रांनो, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी कसं आहे हे मेसमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा चुका पोटात घाला.

गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या गडबडीत माझ्या रूम पार्टनरने एका चित्राची प्रिंट भिंतीवर लावली. दोन दिवसांनी लक्षात आलं, ती उलटी होती! आम्ही पोट धरून हसलो. नंतर वाचताना कळलं की या चित्राच्या बाबतीत हा घोटाळा पूर्वीही झालाय, आणि तो मुळीच हसण्यासारखा नाही.

चित्र पॉल गोगँचं आहे, 'बर्फातलं ब्रेटन खेडं', साधारण १८९४ सालचं. फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी प्रांत आहे, तिथली ही गवताने शाकारलेली घरं. छपरांवर बर्फाचे जाड थर आणि मागे चर्चचा उंच, निमुळता मनोरा. बस्स, एवढंच.

इम्प्रेशनिस्ट चित्रकार समोर दिसणारा, क्षणाक्षणाला बदलणारा प्रकाश पकडायचे. बर्फाच्या सावलीत थेट ऊन पोचत नाही, फक्त आकाशाचा प्रकाश पोचतो. म्हणून ती सावली निळसर दिसते, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. गोगँ त्यांच्याकडूनच शिकला, पण त्याचं म्हणणं वेगळं होतं : डोळ्यांची नक्कल पुरे, आठवण आणि कल्पना रंगवा. म्हणून त्याचे आकार मोठे, सपाट आणि ठळक. अशा चित्रकारांना 'पोस्ट-इम्प्रेशनिस्ट' हे नाव रॉजर फ्रायने १९१० मध्ये दिलं. ते ऐकायला गोगँ नव्हता.

८ मे १९०३ रोजी तो पॅसिफिकमधल्या मार्केसास बेटांवर वारला. त्याचं सामान ताहितीला लिलावात निघालं. लिलाव करणाऱ्याने हे चित्र उलटं धरलं आणि 'नायगारा धबधबा' म्हणून पुकारलं! बर्फाने लादलेली छपरं उलटी केली की पाणी कोसळल्यासारखं वाटतं खरं. व्हिक्टर सेगालेन नावाच्या नौदलातल्या तरुण डॉक्टरने ते अवघ्या सात फ्रँकला घेतलं. आज ते पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये आहे, सुलटं.

मला राहून राहून एकच वाटतं. जिथे बर्फ कधी पडत नाही अशा बेटावर, आजारपणात, या माणसाने बर्फातलं एक खेडं जवळ ठेवलं होतं. आपल्या कपाटाच्या दारालाही आतून काहीतरी चिकटवलेलं असतंच ना? परक्या माणसाला ते कदाचित उलटंच दिसेल.

आमची प्रिंट आता सुलटी लावली आहे. येऊन बघा.