पहिली प्रत आणि पहिली पायरी

आम्ही डॉक्टर नव्हे. युनियनचे काम करता करता पन्नाशी ओलांडली. शिक्षण म्हणाल तर वाचनालयात झाले तेवढेच. तरी कर्करोगावर बोलण्याचे धाडस करतो आहोत, त्याला कारण घडले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वालचंदनगरातील एका फिटरच्या पत्नीच्या स्तनात गाठ आढळली. बारीक सुईने पेशी काढून तपासल्या. अहवालात कर्करोग व ‘प्रत पहिली’ असे आले. घरची माणसे म्हणाली, ‘पहिली म्हणजे सुरुवातच, उसाचे बिल हाती आले की पाहू.’ कागद वाचून आम्हीही मान डोलावली. आम्ही चुकलो होतो. एका जाणत्या डॉक्टरांनी आम्हाला थांबवले, म्हणून बरे.

प्रत आणि पायरी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पेशी किती बिघडल्या, हे प्रत सांगते. गाठ केवढी, रोग काखेत किंवा दूर पोचला काय, हे पायरी सांगते. पहिल्या प्रतीचा रोगही पुढच्या पायरीवर असू शकतो.

आता ही प्रत ठरते कशी? गाठीचा तुकडा काढला तर तीन गोष्टी पाहतात : पेशींनी नलिकांची रचना किती राखली, केंद्रके किती बेढब झाली आणि विभाजन किती वेगाने चालले आहे. प्रत्येकीला १ ते ३ गुण. बेरीज ३ ते ५ पहिली, ६-७ दुसरी, ८-९ तिसरी प्रत. ब्लूम आणि रिचर्डसन यांची १९५७ ची ही रीत १९९१ मध्ये एल्स्टन व एलिस यांनी नेमकी केली.

सुईतून मात्र सुट्या पेशी येतात. त्यांच्यासाठी रॉबिन्सन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये सहा लक्षणांची रीत दिली. पेशी विखुरलेल्या की घोळक्यात, एकसारख्या की नाही, केवढ्या, केंद्रकाची कड कशी, इत्यादी. बेरीज ६ ते ११ पहिली, १२ ते १४ दुसरी, १५ ते १८ तिसरी.

विटांच्या ढिगावरून वीट कच्ची की पक्की ते कळते; भिंत ओळंब्यात होती काय, ते कळत नाही. तसेच हे. सुईची तपासणी स्वस्त, झटपट आणि बिनकापाची. तिची प्रत बहुसंख्य वेळा तुकड्याच्या प्रतीशी जुळते, पण नेहमी नाही. रोग नलिकेची भिंत ओलांडून बाहेर पडला काय, हे ती खात्रीने सांगू शकत नाही. जाड सुईने काढलेल्या तुकड्यावर ते पाहता येते. कोणते औषध लागू पडेल याच्या चाचण्याही त्यावर नीट होतात.

मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी तिथली प्रयोगशाळा उभी केली. तेव्हापासून हे ज्ञान आपल्या प्रांतात आहे. ते आपल्या चाळीपर्यंत पोचवणे आपले काम आहे.

त्या बाईंची शस्त्रक्रिया वेळेत झाली. तुकड्यावरून प्रत दुसरी ठरली. तेव्हा अहवाल हाती आला की तीन प्रश्न विचारा : ही प्रत की पायरी? सुईवरून की तुकड्यावरून? पुढची तपासणी कोणती? आणि अहवाल निर्दोष आला तरी गाठ संशयास्पद वाटत असेल, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा. उसाचे बिल मागाहून येईलच.