मधुमेही शेतकऱ्यांनी जेवणाची वेळ सांभाळावी

मधुमेह झाल्यावर भात सोडून ज्वारीची भाकरी सुरू केली की पथ्य झाले, असा समज ग्रामीण भागात आढळतो. ज्वारीत तंतुमय पदार्थ सुमारे १० टक्के, म्हणजे सडलेल्या तांदळापेक्षा बरेच जास्त असतात, हे खरे. परंतु १०० ग्रॅम ज्वारीत ६५ ते ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थही असतात व पचनानंतर त्यांची साखरच होते. म्हणून भाकरी किती, कशाबरोबर आणि केव्हा खाल्ली, यालाही तितकेच महत्त्व आहे.

प्रमाण व जोड : भाकरी मोजून घ्यावी. सोबत मटकी, मूग किंवा हरभऱ्याची उसळ, पालेभाजी, काकडी वा मुळा असावा. प्रथिने व तंतुमय पदार्थांमुळे रक्तातील साखर सावकाश वाढते. बटाटा, रताळे, साबुदाणा खाल्ल्यास तेवढी भाकरी कमी करावी. गूळ हा साखरेला पर्याय नव्हे. चहा बिनसाखरेचा घ्यावा.

वेळ : अंगमेहनतीच्या कामात स्नायू रक्तातील साखर वापरतात. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेऊन न खाता खुरपणी, फवारणी अथवा रात्री पिकाला पाणी देण्यास गेल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, एकाएकी भूक आणि गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे होत. उन्हाचा त्रास समजून ती अंगावर काढू नयेत. विहिरीच्या काठी किंवा ट्रॅक्टरवर अशी चक्कर जिवावर बेतू शकते.

उपाय : काम ताबडतोब थांबवून सावलीत बसावे. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यावी. ती नसल्यास तीन चहाचे चमचे साखर घ्यावी. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी व नंतर जेवण करावे. रक्तातील साखर १०० मि.लि. मागे ७० मि.ग्रॅ.पेक्षा कमी असल्यास हाच उपचार करावा. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. त्वरित दवाखान्यात न्यावे.

असा त्रास झाल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. पेरणी, काढणी व उपवासाच्या दिवसांत औषधाची मात्रा त्यांच्याच सल्ल्याने ठरवावी. गोळी परस्पर बंद करू नये. शेतावर निघताना भाकरीच्या फडक्यात ग्लुकोजची पुडी बांधून न्यावी आणि ती कशासाठी आहे, हे सोबतच्या माणसाला सांगून ठेवावे.