विहिरीतला काळोख

उन्हाळी कार्यशाळेत जस्ताच्या पत्र्यावर मी आमच्या वाड्यातली विहीर काढायला घेतली. एचिंगची रीत तशी साधी. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने ओरखडायचे, पत्रा नायट्रिक आम्लात सोडायचा. उघडी रेघ आम्ल खाते. रेघेवर बुडबुडे धरतात, ते पिसाने हलकेच सारायचे.

विहिरीचे तोंड मला काळेकुट्ट हवे होते. म्हणून तिथला थरच खरवडला आणि पत्रा दुप्पट वेळ आम्लात ठेवला. छाप उचलली तर कडा काळ्या आणि मध्ये फिकट राखाडी! तीन दिवसांची मेहनत.

सरांनी कारण दाखवले. शाई धरायला खाचेला काठ लागतात. रुंद खड्ड्यातली शाई पुसताना कापडाबरोबर निघून जाते, मग तो कितीही खोल असो. काळोखासाठी राळेची बारीक पूड भुरभुरून पत्रा खालून तापवायचा. कण चिकटतात आणि त्यांच्या फटींतून आम्ल असंख्य खाचा पाडते. हीच ॲक्वाटिंट. गोयाच्या १७९९ सालच्या ‘लॉस काप्रिचोस’मधला अंधार असाच आलेला आहे.

बाकीच्या पत्र्याला वार्निश लावून मी खड्ड्यात राळ टाकली. दुसऱ्या छापेत विहीर भरली. डावा कोपरा मात्र अजून फिकट आहे; तिथे पूड विरळ पडली होती.